पाय जमिनीला टेकलेत

१२ जून

राणीसरकारांस,

मी ठीक. तुम्ही दोघी ठीक असालच, माहेरी कोणाचं काय बिघडतं?

गोळ्या वेळेवर घेतो. डॉक्टरांनी जोडीला ध्यानाचा क्लास लावायला सांगितलं होतं, तोही लावला. लगेच हुरळून जाऊ नकोस. क्लास म्हणजे शाळेच्या हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि समोर गोडगोड आवाजाच्या एक बाई. मी त्यांना मनात मधाची बाटली म्हणतो.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, डोळे मिटा आणि फक्त स्वतःचा श्वास ऐका. आग विझवणाऱ्या माणसाला हे सांगतात! धुरात शिरल्यावर तोंडावरच्या मास्कमध्ये आम्हाला दुसरं ऐकू तरी काय येतं? दोन मिनिटांत शर्ट घामानं भिजला. खुर्ची पाडून मी बाहेर. बाई मागून आल्या, तेव्हा त्यांना चांगलं फैलावर घेतलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "मग श्वास राहू द्या. डोळे उघडे ठेवा आणि पाय जमिनीला टेकलेत, तेवढं बघा." एवढं कळायला क्लास लागतो म्हणे.

तरी जातोय. घरात भिंतींची तोंडं किती बघणार?

छकुलीला झोपेतून का हलवतोस, असं तू विचारलंस तेव्हा मी उडवून लावलं. आता ऐक. त्या गोदामाच्या आगीत माझा जोडीदार जाड्या माझ्या शेजारीच पडला होता. त्याच्या मास्कमधला श्वास मला ऐकू येत होता, मग येईना. बाकीच्यांनी बाहेर काढेपर्यंत मी त्याला हलवत राहिलो. तो गेलेला होता. आता पोरीचा श्वास जरा लांबला की माझा हात जातो. तुला वाटलं, हा माणूस पोरीला सुखानं झोपूही देत नाही, आणि तिला घेऊन तू माहेर गाठलंस.

काल क्लासात शेजारच्या आजी चक्क झोपल्या. घोरता घोरता त्यांचा श्वास अडला. माझा हात उठला. मी पाय जमिनीवर घट्ट दाबले आणि थांबलो. फार भीती वाटली. मग आजींचा श्वास आला. मी न हलवता आला.

बाईंना यातलं काही सांगणार नाही, उगाच शेफारतील.

रविवारी दुपारी छकुलीला घेऊन ये आणि इथे झोपव. मी शेजारी बसेन, तू दारात उभी राहा. माझा हात गेलाच, तर तिला उचल आणि नीघ. मी अडवणार नाही.

तिला झोपू देऊ पाहणारा,
तिचा बाप