बोटाबोटानं मोजलेली कोठी

बलभीम भाऊजी,

कोठी बांधायची ठरली त्या सकाळी मी शेण काढून, पाणी भरून भाकरी थापायला बसले होते आणि तुमचे भाऊ चुलीजवळच कागद पसरून धान्याच्या नव्या कोठीचा नकाशा काढत होते. (आधी नमस्कार लिहायचा राहिला, तो घ्यावा. तुमचा गुडघा, जाऊबाईंची साखर आणि तुळजापुरात लॉजवरची गर्दी कशी आहे ते कळवावं.) कागदावरचं एक बोट म्हणजे कोठीचा एक हात, असं ठरवून ते बोटं टेकवत रेघा मारत होते. मी म्हटलं, कागदाला पीठ लागतंय. म्हणाले, "लागू दे, भिंत पक्की होईल."

औंदा कुलदीपनं ठरवलं, कोठी पाडून पत्र्याचं शेड टाकायचं. मी म्हटलं, यंदाचं सगळं सोयाबीन तिच्यात मावलं तर ठेवशील? तो व्हय म्हणाला. पण आत छतापर्यंत कडबा, टेप कुठं लावणार? म्हणून मी तुमच्या भावामागं जपून ठेवलेला तो जुना नकाशा काढला, नातीचं गणिताचं पुस्तक घेतलं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची वाचलं, नकाशावर बोटं मोजली, हातांचे फूट केले आणि किती पोती बसतील ते काढलं. (पुस्तकात सगळी गणितं पाण्याच्या टाकीची. सोयाबीनला कुणी विचारत नाही.) सगळं मावून वर माणूस झोपेल एवढी जागा उरत होती. मी ते गल्लीभर सांगितलं.

मग कडबा काढून पोती भरली. कोठी गच्च झाली तरी अंगणातला ढीग तसाच. पोती ओसरीत गेली, देवघरापुढं गेली, शेवटी माझ्या बाजेखाली आली. शेजारच्या नूरुन्निसाभाभी म्हणाल्या, "महानंदाबाई, आता सोयाबीनकडून भाडं घ्या." कुलदीपनं नकाशा बघितला, माझा हात बघितला आणि हळूच विचारलं, "आई, बोटं कुणाची धरली?"

तुमच्या भावाचं बोट जाड, माझं बारीक. त्यांच्या तीन बोटांत माझी चार बसतात. लांबी वाढली, रुंदी वाढली, उंची वाढली, आणि गुणाकारात कोठी दुपटीहून मोठी झाली. घनफळ असंच असतं भाऊजी, तिन्ही बाजूंनी एकदम अंगावर येतं. कुलदीप रागावला न्हाय, तेच जास्त लागलं. सोयाबीन विकलं की कोठी पडणार.

तुमची वहिनी,
महानंदा

ता. क. तुमची बोटं हुबेहूब त्यांच्यासारखी आहेत, असं सासूबाई म्हणायच्या. चार बोटं जुळवून कोऱ्या कागदावर ठेवा, जाऊबाईंना कडेनं पेन फिरवायला सांगा आणि तो कागद पाठवा. कुलदीपला खरं माप काढून दाखवायचं आहे.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. मधल्या काळात सोयाबीन विकलं. रिकामी कोठी कुलदीपनं टेपनं मोजली आणि माप भिंतीवर खडूनं लिहिलं, त्यामुळं हिशेबाचं काही राहिलं नाही. तुम्ही कागद तरी पाठवा. सोमवारी पाडायला माणसं येणार आहेत. कोठी रिकामी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती झाडली आणि आतून सारवून घेतली.