गायरानाचा सातवा वर्ग

पंचवटी, नाशिक
ता. २० सप्टेंबर १९९९

चि. पुंजाराम यास थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद.

मी छायाकडे सुखरूप आहे. लेक जेवायला वाढताना हात आखडत नाही, तेव्हा माझी काळजी नको. लंगड्या मेंढीची सूज उतरली का?

आज माती तपासणीच्या ऑफिसात गेलो होतो. साहेबांनी आपल्या गायरानाचा अहवाल वाचून दाखवला. नऊ इंच माती, खाली मुरूम, चुनखडी फार, वर्ग सातवा, जमीन पडीक. म्हणजे गायरान खडी क्रशरला द्यायला सगळे मोकळे.

मी म्हटलं, "साहेब, खालच्या लवणात कमरेएवढी काळी माती आहे."

"मग आजोबा, माती तपासायचा खड्डा टेकाडावर का घ्यायला लावला?"

काय सांगू? गेल्या साली ही माणसं आली तेव्हा लवणातलं पवन्या गवत निसवून तुऱ्यावर आलं होतं. बी गळेपर्यंत तिथं पाय ठेवायचा नाही, ही आपली रीत. म्हणून मीच त्यांना बोडक्या टेकाडावर नेलं, वर चहा पाजला आणि खड्ड्याच्या कागदावर सही ठोकली. मेंढ्यांमागे अक्षरं गिरवून शिकलो, ती अशी कामाला आली.

"नवा खड्डा घ्या," म्हटलं, तर साहेब हसले. "पाहुण्याला दारातूनच परत लावलंत, आता घर मोठं आहे म्हणता?"

पुंजा, आता रीत कुणासाठी पाळायची? हे पत्र मिळताच मेंढ्या लवणात सोड. बी गळायची वाट पाहू नको. गावात कुणी अडवलं तर माझं नाव सांग.

तुझा दादा,
निवृत्ती