धुरकट काचेतून दिलेला शेरा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी सिनेमा ऑपरेटर, सध्या काही नाही, आज रविवारी सकाळी चहा घेऊन, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात 'वयाच्या मानाने' असे शब्द जास्तीचे पडले आहेत, त्यांकडे लक्ष देऊ नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एकदा करायला बसलो होतो, पण पेन सुकलेलं निघालं आणि मला तेवढं निमित्त पुरलं.

आजारी नाही, दमलो आहे. एकतीस वर्षं थिएटरच्या मशीनच्या खोलीत उभं राहून दुसऱ्यांना उजेड दाखवला, मग घरी येऊन पुन्हा तेच केलं. आता जिना चढताना मधल्या वळणावर थांबतो आणि खिडकीतला आकाशाचा तुकडा बघत शाळेतल्या कविता म्हणतो. पूर्वी दोन कडव्यांत दम परत यायचा. हल्ली अख्खी कविता लागते, आणि मोठ्या कविता मला पाठ नाहीत.

कलम १. राहतं घर, तीन खोल्या, स्वकष्टार्जित, त्यावर कोणाचा बोजा नाही. ते मुलगा आणि मुलगी यांना समसमान. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहते, रोज येऊन माझ्या गोळ्या मोजते. तिला थोडं जास्त द्यावं असं मी बोलून पाहिलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मजुरी देताय का मला?" म्हणून समसमान. न्हाणीघराचं दार उचलून ओढावं लागतं, हे घर घेणाऱ्याला सांगावं.

कलम २. बँकेत असेल ते दोघांत सारखं. या मृत्युपत्राचा अंमल मुलीने करावा. ती करेलच, लिहायचं म्हणून लिहिलं.

कलम ३. फिल्म जोडायचं यंत्र, रीळ गुंडाळायची मूठ आणि भिंग, ही माझी हत्यारं, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावीत. शाळा नको म्हणाली तर भंगारात घालावीत, रडू नये. मात्र माळ्यावर पत्र्याचा एक गोल डबा आहे, तो थिएटरच्या मालकांच्या मुलाला हातोहात द्यावा. मालकांना दिवसात एक खेळ जास्त बसवायचा असायचा. त्यापायी ते मला चित्रपटांतली दहा-दहा मिनिटं कापायला लावत. कधी नदीकाठ कापला, कधी आजारी बाईचं बोलणं. तुकडे फेकायचा हुकूम होता, तो मी पाळला नाही. मुलाला एवढंच सांगावं की हे तुमच्या वडिलांनी लोकांना दाखवायचं बाकी ठेवलं होतं.

कलम ४. चौथीचं कवितांचं पुस्तक, मुखपृष्ठ नाही, मधली चार पानं उंदरांनी नेली, हे नातीला. तिला माझ्या चाली ऐकून लाज वाटते. मैत्रिणी आल्या की म्हणते, "आजोबा, आज मनातल्या मनात." तरी तिलाच द्यावं. या पुस्तकात ताऱ्यांवरची एक कविता आहे. ती शिकवताना आमच्या गुरुजींनी वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि छताकडे बघा म्हणाले. छताला वाळवी लागली होती. आम्हाला तारे दिसले. पुढे जन्मभर मी जे केलं त्याचं मूळ त्या दुपारच्या वर्गात आहे, असं मला वाटत आलं आहे. नातीला पटलं नाही तरी चालेल.

कलम ५. पडद्याची खोली. म्हणजे आतली खोली. तिच्यात प्रोजेक्टर एक, भिंतभर पडदा एक, स्पीकर पाच आणि कपाटाएवढा आवाजाचा खोका एक. थिएटर मोडलं तेव्हा आणलेल्या चार जोडखुर्च्या आहेत, त्यांपैकी तिसरी करकरते. खिडकीला काळे जाड पडदे आहेत. ते आमच्या शिंप्याने शिवले आणि शिलाई घेतली नाही, फक्त पहिल्या चित्रपटाला पुढची खुर्ची मागितली.

निवृत्तीनंतर दर रविवारी दुपारी या खोलीत सात-आठ मंडळी जमायची. चित्रपट संपला की दिवा लावायचा आणि मी शेरा द्यायचा, तो वहीत उतरायचा. वहीत एकशे नव्वद शेरे आहेत. मंडळी माझा शेरा मानत. ऑपरेटरने सांगितलं म्हणजे झालं, असं म्हणत. हे डोक्यात जायला फार दिवस लागत नाहीत.

खोलीतली सर्व यंत्रसामग्री मुलाला. तो संगणकावर चित्रपटांची दृश्यं बनवतो, तिथे याहून शंभरपट भारी यंत्रं असतील, तरी त्यालाच. शेऱ्यांची वहीही त्यालाच. तिच्यातल्या एका शेऱ्याबद्दल पुढच्या कलमात लिहितो. हे मृत्युपत्र खरं म्हणजे त्या कलमासाठीच लिहायला घेतलं आहे. घर आणि बँक काय, कायद्यानेही वाटली गेली असती.

कलम ६. हे कलम मुलाने वाचावं, मोठ्याने नको.

नऊ वर्षांपूर्वी तुझ्या आईची अर्धशिशी वाढली. पडद्यावरचा लख्ख उजेड तिला सोसेना, आणि खोलीबाहेर बसायला ती तयार नव्हती. म्हणून मी जुन्या थिएटरच्या झरोक्यातली धुरकट काच कापून, काळ्या पुठ्ठ्याच्या कड्यात बसवून प्रोजेक्टरच्या भिंगापुढे लावली. प्रोजेक्टरचा दिवाही सर्वांत मंद पायरीवर ठेवला. चित्र मंद झालं. ती म्हणाली, "आता कसं, संध्याकाळ झाल्यासारखं." डोळे सरावतात. मंडळींचेही सरावले, कोणी विचारलं नाही. पाच वर्षांपूर्वी ती गेली. काच तशीच राहिली. दर रविवारी मी ती मऊ फडक्याने पुसायचो. काढायला हात धजत नव्हता, कारण ती काढली की ही खोली फक्त माझी झाली असती.

तीन वर्षांपूर्वी तू तुझा चित्रपट घेऊन आलास. अवकाशातला. चार वर्षं तुम्ही शेकडो माणसं त्यावर बसला होतात आणि त्यातली चार मिनिटं तुझी होती. दोन सूर्यांचा ग्रह, मिठाचा समुद्र, एक सूर्य मावळतो आणि माणसं काठावर उभी राहतात. तू कोणाला न सांगता मागे भिंतीला टेकून उभा राहिलास. बसलास नाही. पहिल्या खेळाला निर्माते उभे राहत तसा.

पडद्यावर पहिला सूर्य गेला. मग काळोख. त्या काळोखाकडे बघत ती अवकाशातली माणसं रडायला लागली. आमच्यापैकी कोणाला काही कळेना. दिवा लावल्यावर मंडळींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी शेरा दिला, तो वहीत आहे: 'दृश्यं मोठी, उजेड नाही. माणसं अंधाराकडे बघून रडतात, का ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.' मंडळी हसली.

तू हळूच विचारलंस, "बाबा, दुसरा सूर्य दिसला नाही तुम्हाला?"

त्या क्षणी मला काच आठवली. हे मी इथे लेखी देतो. दुसऱ्या दिवशी नाही, महिन्याने नाही, त्याच क्षणी. तुझा दुसरा सूर्य विझत्या निखाऱ्यासारखा, धुक्यामागचा, आणि माझी काच तो गिळून बसली होती. मी फक्त म्हणायला हवं होतं, थांबा, माझी चूक आहे. पण आठ माणसांपुढे, एकतीस वर्षांचा ऑपरेटर. मी म्हणालो, "नाही तो दिसेल कसा?" तू प्रोजेक्टरकडे निघालास तर मी म्हणालो, "मशीनला हात लावायचा नाही." तू हात मागे घेतलास, चपला घातल्यास आणि गेलास. त्यानंतर फोन येतात, रक्तदाब किती आहे विचारतोस, मी सांगतो. घरी आलेला नाहीस.

नुसता अहंकार असता तर लिहायला सोपं होतं. तुझी आई गेली त्या आठवड्यात तू याच सूर्यावर काम करत होतास. मी कळवलं होतं, ये. तू म्हणालास, दोन दिवसांत निघतो, आणि एक दिवस उशिरा पोचलास. मी तेव्हा अक्षर काढलं नाही. ते मनात कुठेतरी ठेवून दिलं आणि दोन वर्षांनी, तुझ्या चित्रपटाचे मार्क कापायची वेळ आली तेव्हा तिथून काढलं. शेरा चित्रपटावर नव्हता.

पुढे दीड वर्ष मी खोलीला कुलूप घातलं. मंडळींना सांगितलं, दिवा गेलाय. मग एका दुपारी काच काढली, दिवा चढवला आणि करकरत्या खुर्चीत बसून तू मागे सोडून गेलेला तुझा चित्रपट एकट्याने पाहिला. पहिला सूर्य मावळला. मिठावर अंधार पसरला. मग त्या अंधारातच, तांबूस, अगदी थकलेला असा दुसरा हळूहळू दिसायला लागला, म्हणजे तो आधीपासून तिथे होताच. प्रत्येक माणसाला दुसरी सावली फुटली. मला चौथीच्या वर्गातलं छत आठवलं. मी बसल्या जागी ताऱ्यांची कविता म्हणायला लागलो आणि तिसऱ्या कडव्यावर अडलो. ते उंदरांनी नेलेल्या पानावर आहे.

तरी वहीतला शेरा रद्द समजावा. त्या जागी हा घालावा: 'उजेड उत्तम. इतका उजेड मी एकतीस वर्षांत पडद्यावर टाकला नाही. गोष्ट लांबली आहे.' शेवटचं वाक्य तुझा बाप म्हणून गाळता आलं असतं, पण पुन्हा खोटा शेरा द्यायचा नाही.

येथवर सकाळी लिहून झालं. दुपारी साक्षीसाठी तळमजल्यावरच्या नर्सबाई आणि आमचा शिंपी आले. मी तो शेरा दिला त्या रविवारी दोघंही खोलीत होते. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे मी सांगितलं. नर्सबाई म्हणाल्या, न वाचता मी औषधाची चिठ्ठीसुद्धा घेत नाही, आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला बसल्या. शिंप्याने पाच कलमं ऐकून मान डोलवली. सहावं नर्सबाईंनी मनातच वाचलं. मग पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं.

मी विचारलं, काय चुकलं. म्हणाल्या, अक्षर छान आहे. मग म्हणाल्या, "हे तुम्ही गेल्यावर त्याने वाचायचं?"

मी म्हटलं, मृत्युपत्र तसंच असतं.

"आणि त्याला भांडायचं असेल तर? वॉर्डात फार पाहिलंय मी हे. जाणारा चिठ्ठी ठेवून मोकळा होतो, मागचा उत्तर घेऊन फिरत राहतो."

मी म्हणालो की मला आता भांडण झेपणार नाही. त्या म्हणाल्या, झेपत नाही म्हणून तर कागद पुढे केलाय. शिंपी खिडकीबाहेर बघत होता. तो म्हणाला, "ऑपरेटरसाहेब, लावा फोन. आम्ही आहोत." सही करणार नाहीत हे दिसत होतं. दुसरे साक्षीदार शोधायला दोन जिने उतरावे लागले असते, म्हणून मी फोन लावला.

मुलाने नेहमीसारखं रक्तदाबाचं विचारलं. मी सांगितलं, आणि त्यालाच जोडून काचेचं सांगितलं. कागदावर आहे तसं जमलं नाही, तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. आईच्या आठवड्याचंही. नर्सबाईंनी खुणेने विचारलं, ठेवला का. मी नाही अशी मान हलवली.

मग तो म्हणाला, "काचेचं माहीत होतं मला. आईने फोनवर सांगितलं होतं, तुझ्या बाबांनी माझ्यासाठी मशीनला गॉगल घातलाय म्हणून. त्या दिवशी चित्र बघितल्याबरोबर कळलं."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"आठ माणसं होती, बाबा."

तीन वर्षं मी समजत होतो की माझी लबाडी कोणाला कळली नाही, आणि तो त्याच आठ माणसांपुढे माझी लाज राखून चपला घालून निघून गेला होता. त्यानेच पुढे सांगितलं की मशीनकडे तो काच काढायला नाही, नुसता दिवा चढवायला निघाला होता. तेवढ्याने भागलं असतं, कोणाला कळलंही नसतं. आईबद्दल तो एवढंच म्हणाला की ते फोनवर नको. त्याचा आवाज बरा नव्हता. येतो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

ठेवता ठेवता म्हणाला, "आता तरी सांगा, कसा आहे?"

मी म्हटलं, "उजेड उत्तम. गोष्ट वीस मिनिटं लांबलीये."

"पंचवीस," तो म्हणाला.

कलम ७. कलम ६ रद्द. त्यातला मजकूर संबंधिताला हयातीत सांगून झाला आहे. त्यावर आडवी रेघ मारली आहे, खाडाखोड केलेली नाही. बाकी कलमं कायम. आता सह्या होऊ द्याव्यात, मला थोडं पडायचं आहे.

लिहून ठेवणार: (सही) माजी ऑपरेटर

वरील सही आम्हा दोघांसमक्ष, ऑपरेटरांनी स्वतःच्या हाताने केली.

साक्षीदार:
१. (सही) सेवानिवृत्त परिचारिका, तळमजला
२. (सही) शिंपी, कोपऱ्यावरचं दुकान

स्थळ: राहतं घर, पडद्याची खोली, खिडकी उघडी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे