एकमताने मंजूर झालेला लॅपटॉप

तिसगाव, ता. पाथर्डी
गुरुवार

ज्यांची पोरे कॉलेजात गेली आहेत आणि ज्यांना घरात आता ओटीपीशिवाय दुसरे काही विचारले जात नाही, अशा नगर जिल्ह्यातील तमाम बापांपैकी मला सर्वांत जवळचे बाप, साडूभाऊ तुषारराव यांना सुखदेवचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल लावता की नुसते तेलाच्या बाटलीकडे पाहता? ताईंचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे यशोधरेकडून कळले, बरे वाटले. (ऑपरेशन झाल्यावर त्यांना तुम्ही पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसू लागला असाल, त्याबद्दल माझी सहानुभूती तुमच्याकडे आहे.) इकडे आम्ही सर्व ठीक. हे पत्र हाताने लिहून त्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवत आहे, कारण फोनवर तुम्ही मला दुसरे वाक्य पूर्ण करू देत नाही. पानांवर आकडे घातले आहेत, त्या क्रमाने वाचावे. मागच्या वेळी तुम्ही शेवटचे पान आधी वाचून मला थेट नकार कळवला होता.

तर विषय लॅपटॉपचा. निकिताला नगरला सिव्हिलच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या वस्तीतून त्या शाखेला गेलेली ती पहिली मुलगी. तिला मी विचारले होते की बाई, सिव्हिलच का? ती म्हणाली, "पप्पा, आपल्या वस्तीची जागा मोजायला दर वेळी बाहेरचाच माणूस येतो. टेप कुठनं धरला हे आपल्याला कधीच कळत नाही. मला मोजणी शिकायचीय." तुषारराव, मी एप्रिल महिन्यात जिल्हाभर भाषणे करतो, माझ्या तारखा जानेवारीतच संपतात, पण एवढे छोटे आणि एवढे धारदार वाक्य माझ्या कुठल्याही भाषणात नाही. त्या दिवशी मी ठरवले की पोरीला लॅपटॉप घ्यायचा आणि तो विचारपूर्वक घ्यायचा. इथेच घात झाला. नुसता घेतला असता तर हे पत्र लिहावे लागले नसते.

तुम्ही फोनवर सल्ला दिला होता की डोळे झाकून मॅक घ्या, आमच्या करणला घेतलाय तसा. आता करणच्या मॅकबद्दल मी आधी काही बोललो असेन तर ते विसरा, आता नव्याने बोलतो. वस्तू उत्तम आहे. टिकते, तापत नाही, एकदा चार्ज केला की पुण्याहून श्रीरामपूरला येऊन परत जाईपर्यंत चालतो. मान्य. पण त्या किमतीत आमच्या आळीला दोन उन्हाळे टँकरचे पाणी पुरले असते, आणि एवढे मोजूनही त्याला साधा पेनड्राइव्ह लावायचा तर वेगळी शेपटी विकत घ्यावी लागते. बैलगाडी घ्यावी आणि जूचे पैसे दुकानदाराने वेगळे मागावेत, असा हा व्यवहार. बरे, करण त्यावर करतो काय? मी दिवाळीत पाहिले आहे. तो त्यावर क्रिकेट पाहतो. तो हॉटेलात बसतो तेव्हा झाकणावरचे सफरचंद रस्त्याकडे तोंड करून ठेवतो, आणि स्क्रीन वाकडी झाली तरी चालते, सफरचंद वाकडे झालेले चालत नाही. (रागावू नका, पोरगा गुणी आहे. पण फळ दिसावे म्हणून झाड विकत घेणारा माणूस मी त्याच्या आधी पाहिला नव्हता.)

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या वस्तीत कुठलाही निर्णय सभेशिवाय होत नाही. समाजमंदिराच्या फाटकाला रंग निळा द्यायचा की पांढरा, यावरसुद्धा सूचक, अनुमोदक, चर्चा, मतदान झालेले आहे. ही शिस्त वस्तीला मीच लावली. चर्चेशिवाय निर्णय म्हणजे हुकूमशाही, हे मी इतक्या वेळा सांगितले आहे की आता लहान पोरे क्रिकेटमध्ये आउट झाली तरी हरकत नोंदवतात. म्हणून रविवारची वंदना झाल्यावर लॅपटॉपचा विषय मी सभेपुढे ठेवला. विषयपत्रिकेत आधी विहाराचे लाइट बिल, मग टँकर, मग लॅपटॉप. अध्यक्षस्थानी रखमाजी तात्या. तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि येताना घंटीची सवय घेऊन आले. सभेत एक टण म्हणजे थांबा आणि दोन टण म्हणजे चला. त्यांच्यापुढे मी मी म्हणणाऱ्या वक्त्यांचे स्टॉप हुकले आहेत.

तीन बाजू, तीन वक्ते. मॅकची बाजू कोणी मांडली, ओळखा. तुमच्या मेहुणीने. यशोधरा उभी राहिली आणि म्हणाली, "ताईकडे आहे तोच चांगला. तो बंद करावा लागत नाही, नुसतं झाकण लावायचं. आणि आपल्या पोरीनं काय कमी वापरायचं का?" बायकांनी टाळ्या वाजवल्या. हा युक्तिवाद नव्हता तुषारराव, हा माहेरचा मान होता, आणि त्याला उत्तर देणे मला घरी परवडले नसते.

दुसरा बिभीषण. एसटी स्टँडसमोर त्याचे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान आहे आणि जुने लॅपटॉप विकण्याचा जोडधंदा आहे, त्यामुळे तो विंडोजचा कट्टर पुरस्कर्ता. तो स्वतःचा लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊनच आला. म्हणाला, "सर, ह्याच्यावर समदं चालतं. गेम तर लई भारी चालत्यात!" पोरीच्या शिक्षणाच्या विषयात गेम काढल्याबरोबर त्याची निम्मी मते गेली. उरलेली त्याच्याच आळसाने गेली. तो लॅपटॉप गेले कित्येक आठवडे त्याला अपडेट करू का म्हणून विचारत होता आणि हा गडी दर वेळी 'नंतर' वर बोट ठेवत होता. त्या यंत्राला भर सभेत मुहूर्त सापडला. भिंतीवर निळा उजेड, त्यात एक गोल फिरतोय, आणि खाली 'बंद करू नका'. आमची माणसे शिस्तीची. सगळी सभा हात जोडून त्या टक्क्यांकडे बघत बसली. अकरा टक्क्यांवर तात्यांनी एक टण दिला आणि म्हणाले, "बिभीषण, उतर. तुझा स्टॉप आला."

मग मी उठलो. मी लिनक्सच्या बाजूने होतो, म्हणजे ती फुकट आणि सर्वांना खुली असलेली प्रणाली, जिच्या झाकणावर कोणाचेच फळ नाही. आता माझे भाषण मीच काय सांगू? पण सांगतो. मी म्हणालो की ज्या यंत्राचे पोट उघडून पाहायला मालकालाच बंदी आहे, ते यंत्र आपले नव्हे, आपण त्याचे. मी म्हणालो की आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, हे ज्ञान तुमच्यासाठी नाही, याला हात लावू नका. आणि आज आपण पैसे मोजून तेच वाक्य इंग्रजीत विकत घ्यायचे? त्याखाली 'मान्य आहे' म्हणून टिचकी मारायची? कोणी वाचले आहे का ते मान्य करण्याआधी? टाळ्या पडल्या. मागे उभी असलेली पोरे पुढे आली. शेवटच्या ओळीत बसलेल्या बायडाबाईने पदराने डोळे पुसले. सभा संपल्यावर ती माझा हात धरून म्हणाली, "सुखदेवा, लई चांगलं बोललास. पर आता निवडून कुनाला द्यायचंय?"

मतदान हात वर करून झाले. सगळे हात वर. निकिताचा सुद्धा. तात्यांनी जाहीर केले, ठराव एकमताने मंजूर. तेव्हा निकिता म्हणाली, "तात्या, मी मत न्हाई दिलं, मला विचारायचं होतं." तात्या म्हणाले, "बाळ, तो आयत्या वेळचा विषय. शेवटी घेऊ." शेवट आला तोवर चहा आला, चहाबरोबर दोन टण आले आणि सभा सुटली. मी त्या वेळी टाळ्यांचा हिशेब करीत होतो. तिच्याकडे पाहिले नाही.

लॅपटॉप आला. नगरच्या दुकानातून कोरा घेतला आणि त्यात मुक्त प्रणाली मुक्त मनाने टाकली. वाऱ्यासारखा चालतो. मी त्यावर चार दिवसांत इतके वाचले की डोळे सुजले. पाचव्या दिवशी निकिता तो घेऊन हॉस्टेलवर गेली आणि आठवडा संपायच्या आत परत घेऊन आली. कॉलेजात मोजणीचे नकाशे ज्या सॉफ्टवेअरवर काढायचे, ते फक्त विंडोजवर चालते. तिला हेच विचारायचे होते.

मी खचलो नाही. मी तिच्याबरोबर कॉलेजात गेलो आणि तिच्या सरांपुढे उभ्याउभ्या सॉफ्टवेअरच्या गुलामगिरीवर बोललो. सर तरुण होते, नम्र होते, शेवटपर्यंत त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, तुमचा शब्दन्‌शब्द पटला. पुढच्या मंगळवारी सबमिशन आहे." आणि ते तासावर गेले. निकिता जिन्यात मला म्हणाली, "पप्पा, नकाशा न्हाई दिला तर परीक्षेला बसू देत नाहीत. तुम्ही आता भाषण नका करू." कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर थोडे आणि मुले फार. दोघे-तिघे मिळून एकापुढे बसतात, त्यात माऊस मुलांच्या हातात आणि वही मुलींच्या. मी ते दारातून पाहिले. त्यावर मात्र मला भाषण सुचले नाही.

तुम्ही म्हणाल, त्याच लॅपटॉपवर विंडोज टाका. बिभीषण हेच म्हणाला. "आणा सर इकडं, फुकटात टाकून देतो. समदा तालुका तीच वापरतो." म्हणजे चोरीची. मी त्याला सांगितले, खिडकी उघडावी असे मला वाटत असले तरी घरफोडी करून नव्हे. मग विकतची घ्यायची, तर यशोधरा म्हणते, आधी माझं ऐकलं असतं तर झाकण लावून मोकळे झाला असता, आता एक पैसा मिळणार नाही. म्हणून मी सभेकडे फेरविचाराचा अर्ज दिला. रखमाजी तात्यांनी चष्मा लावून नियम काढला की एकदा मंजूर झालेला ठराव सहा महिने उकरता येत नाही. मी विचारले, असला नियम कोणी केला? तात्या म्हणाले, "तूच की रं. फाटकाच्या रंगाच्या वेळी." शिवाय मूळ ठरावात 'या घरात परकी प्रणाली शिरणार नाही' हे वाक्य माझ्याच अक्षरात आहे. चांगले वाक्य आहे. आता ते मला घरात शिरू देत नाही.

असो. माझी भूमिका बदललेली नाही, हे स्पष्ट करतो. सफरचंदवाले दिसण्याचे पैसे घेतात, खिडकीवाले सवयीचे घेतात, आणि आमची मुक्त प्रणाली पैसे घेत नाही, एवढाच दोष तिच्यात आहे की कॉलेजवाल्यांना तिचा पत्ता नाही. लढा हा यंत्राशी नसून व्यवस्थेशी आहे. तो दीर्घ आहे. तुम्ही त्यात उतराल अशी खात्री बाळगतो. ताईंना जयभीम, करणला आशीर्वाद.

तुमचा,
सुखदेव

ता. क. लढा दीर्घ आहे खरा, पण पोरीचे सबमिशन मंगळवारी आहे. ती रोज लॅब उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहते, म्हणजे माऊस आपल्या हाती येईल. तिच्या मैत्रिणीने यशोधरेला सांगितले.

ता. क. २. सभेच्या ठरावात 'खरेदी' हा शब्द आहे आणि 'घरात' हा शब्द आहे. उसनवारीबद्दल आणि हॉस्टेलबद्दल त्यात काही नाही. मी तीनदा वाचून खात्री केली. तात्यांनाही विचारले. ते म्हणाले, "ह्याला घंटी न्हाई."

ता. क. ३. मॅक आल्यापासून करणचा जुना विंडोजचा लॅपटॉप तुमच्या कपाटावर गादीखाली पडून आहे, असे ताई बोलून गेल्या. तुषारराव, वर मी करणबद्दल, सफरचंदाबद्दल आणि तुमच्या सल्ल्याबद्दल जे काही लिहिले आहे, ते सर्व मागे घ्यायला तयार आहे. हवे तर सभेत घेतो, टाळ्यांशिवाय. तुम्ही एवढेच करा. शनिवारी सकाळच्या श्रीरामपूर-नगर एसटीत बसा आणि तो लॅपटॉप, चार्जरसकट, नगरच्या स्टँडवर निकिताच्या हातात द्या. माझ्या हातात देऊ नका.