एकेचाळिसावा प्रश्न

समता कॉलोनी, रायपूर
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
कुसुमचा सविनय जय भीम.

फोनवर माझ्या आजाराचा विषय निघाला का तुले लगेच टॉवर भेटत नाही, म्हणून पत्र लिहून राहिली. नवा रायपूरले मनाच्या आजारावर संशोधन चालू आहे. प्रश्न ठरवायले डॉक्टरांनी आमच्यासारख्या, आजारातून गेलेल्यांना सोबत घेतलं. पाहुणी नाही बरं, बरोबरीची! त्यांचे चाळीस प्रश्न होते: झोप, गोळ्या, भूक. मी म्हटलं, दवाखान्यात तुम्ही कोणाची वाट पाहत होते, हे काहून नाही विचारत? डॉक्टर मॅडमनं लगेच एकेचाळिसावा लिहून घेतला.

आता अहवालात आमची नावं छापणार. माझं पूर्ण नाव देऊ म्हणते. परवानगी नाही मागत, तुझं मन विचारून राहिली.

माया असू दे.
तुझी कुसुम

भंडारा
२० जानेवारी

चि. कुसुमले अनेक आशीर्वाद.

तू आता डॉक्टरायले शिकवून राहिली! रायपूरच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर छडी घेऊन पोट्ट्यायची शाळा भरवत होती, ते आठवलं. मलेही कान धरून उभं केलं होतं तू. किती चांगले दिवस होते गं ते.

पण नाव नको देऊ, बाई. तू दवाखान्यात होती त्या वर्षी, तू शिलाई शिकायले गोंदियाले गेली, असं आईनं अख्ख्या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात घरोघरी सांगितलं होतं. आता माझ्या रुचिताचं लग्न जुळून राहिलं. लोक काय म्हणतील?

राग नको धरू.
मारोतीदादा

रायपूर
२९ जानेवारी

ती. दादास जय भीम.

बरं, नाही देत नाव. पोरीच्या लग्नात माझ्यामुळे अडथळा नको. पण खूप रडली मी, तेही सांगते.

त्या प्रश्नांची उत्तरं आम्हीही भरली. एकेचाळिसाव्यापुढे मी लिहिलं, दादाची. चार महिने दर रविवारी खिडकीत बसत होती मी. तू एकदाही आला नाही.

वहिनीले नमस्कार.
कुसुम

भंडारा
५ फेब्रुवारी

चि. कुसुम,

तुझं पत्र रुचितानं वाचलं. आत्याचं नाव लपवून मले लग्नच नाही करायचं, असं तिनं तोंडावर सुनावलं मले.

मी येत होतो, कुसुम. दर रविवारी, पिशवीत जाम, पिकले पेरू घेऊन. कोणी ओळखीचं पाहील म्हणून दवाखान्याच्या फाटकावरूनच वापस फिरत होतो. जाम सायकल स्टँडवाल्याले देऊन टाकत होतो, आणि घरी आईले सांगत होतो का कुसुमनं खाल्ले. भ्याड होतो मी. इतकी वर्षं सांगायचीही हिंमत झाली नाही.

नाव दे. बाबांच्या नावासकट, पूर्ण: कुसुम नामदेव मेश्राम. आणि तो प्रश्न घरच्यायलेही विचारत असतील, तर माझं उत्तर लिहून घे: भाऊ येत होता, फाटकापर्यंत.

माफ करशील तर तुझाच,
मारोतीदादा