माठावरचे अळीव

तारनाका, १५ एप्रिल

चि. सौ. प्रणितास अनेक आशीर्वाद.

डब्यात कागद बघून दचकू नकोस. फोनवर बोलायची सोय नाही, ईशा दाराआड उभी असते.

चैत्रगौरीच्या आराशीसाठी मुलांना घेऊन माठावर अळीव लावले. माठाला ओलं फडकं गुंडाळलं, त्यावर भिजवलेले अळीव ईशाने बोटांनी थापले. युवराजने निम्मे स्वतःच्या गालाला लावले. पाच दिवस झाले, एक कोंब नाही. पोरगी शाळेतून आली की दप्तरासकट माठापाशी. काल म्हणाली, अळीव उगवले तरच आईचं बाळ घरी येणार. मागच्या वर्षीचं सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. तुला आठवा महिना, त्यात रक्तदाब. मी धीराची म्हणवते, पण दिवसातून चारदा देवापुढे जाऊन बसते.

आज अळिवाचा डबा उघडला तर खमंग वास. लाडवांसाठी भाजून ठेवलेले अळीव मी तिला दिले होते! भाजलेलं बी कुठून उगवणार? बेगम बाजारातून ताजे आणवलेत. ती शाळेत असताना गुपचूप बदलू का?

भाजी संपव. माया आहेच.

तुझी आई, तारामती

काचीगुडा, दवाखाना, १६ एप्रिल

ती. सौ. आईंना शि. सा. नमस्कार.

बदलू नका. मागच्या वर्षी बाळ गेलं, तेव्हा आपण तिला सांगितलं, ते मामाच्या गावाला गेलंय. रिक्षा थांबली की ती गॅलरीत धावायची. दोष देत नाही, सांगणारी मीच होते.

भीती मलाही वाटते. सिस्टर पोटावर पट्टा बांधून बाळाचे ठोके ऐकवतात. मशीन क्षणभर गप्प झालं की मी सिस्टरांना हाक मारते. येत्या बुधवारी ऑपरेशन ठरलंय. तिला खरं सांगा, भाजल्याचंसुद्धा.

मिठाशिवाय तुमची आमटीही औषधासारखी लागते, रागावू नका. सावली अशीच राहू द्या.

प्रणिता

तारनाका, २१ एप्रिल

चि. सौ. प्रणितास आशीर्वाद.

त्याच दिवशी सांगितलं. वाटलं, रडेल. तिने आधी डबा हुंगला. मग विचारलं, म्हणजे माझ्या हाताचा दोष नाही? मांडीवर घेतल्यावर हळूहळू बाहेर पडलं. मागच्या वर्षी तिने तुझ्या पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी तुला दवाखान्यात नेलं. रिक्षातून कुणी उतरेना, तेव्हा ती समजायचं ते समजली. म्हणून यंदा तुझ्यापासून लांब बसायची, आणि आपण म्हणायचो, मोठी झाली, लाजते. माठावर ती आपला हात तपासत होती गं.

संध्याकाळी पुन्हा लावले. आज हिरवे झालेत. एका बाजूला टक्कल आहे, ती युवराजची. ऑपरेशनआधी तुझ्या पोटावर हात ठेवायचाय म्हणते. मुलांना आत सोडतात का? आणि तुला चालेल का? खरं सांगते, मला अजून भीतीच वाटते.

जपून राहा. तुझ्याशिवाय घर लागत नाही.

आई

काचीगुडा, २२ एप्रिल

ती. सौ. आईंना शि. सा. नमस्कार.

सिस्टर आधी नाही म्हणाल्या. सगळं सांगितलं, तेव्हा चार वाजता दहा मिनिटं दिली. भीती मलाही आहे, उद्याचं उद्या. आजचा डबा तुमच्या लेकाकडे, एकट्या संदेशकडे देऊ नका. ईशाच्या हातात द्या.

तुमचीच,
प्रणिता