सहकुटुंब सहपरिवार फुटबॉल

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

धाकटा मेहुणा आदिनाथ याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? अक्काची ॲसिडिटी कमी झाली का? म्हैस व्यायली असल्यास तसं कळवावं, आई रोज विचारते. इकडे आम्ही सर्व जण ठीक आहोत, आणि निदान रविवारी संध्याकाळपर्यंत तरी ठीक राहू असा अंदाज आहे.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या साखर कारखान्याच्या एका ड्रायव्हरच्या हाती देत आहे. गेल्या आठवड्यात तुम्ही फुटबॉलच्या मॅचचं तिकीट मागितलंत, मी म्हणालो, "दाजी, सगळ्यांसारखी चिठ्ठी टाका," आणि तुम्ही "जावयानं चिठ्ठी टाकायची व्हय रं?" एवढं बोलून फोन ठेवलात, तो ठेवलातच. तुमचा मान मला कळतो. (तुमच्या लग्नात तुम्हाला ओवाळताना ताट मीच धरलं होतं, तेव्हा मी चौथीत होतो.) पण इकडे काय चाललं आहे हे तुम्ही ऐकलंत, तर राग निम्मा तरी उतरेल अशी आशा आहे.

दाजी, आमचा क्लब अंतिम फेरीत गेला आहे! आमचा क्लब म्हणजे कोणता हे तुम्हाला माहीतच आहे. अकरा जण जमवायला दोन गल्ल्या पालथ्या घालाव्या लागतात, आणि मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर एरवी वाळत घातलेल्या चादरी बसतात. तो क्लब फायनलमध्ये कसा गेला हे आमच्या गोलकीपरलाही अजून नीट कळलेलं नाही. आणि समोर कोण, तर कोल्हापूरचा संघ! तिकडची पोरं चालायच्या आधी लाथ मारायला शिकतात म्हणे. ही बातमी फुटली आणि ज्यांनी आजवर फुटबॉल फक्त दुकानात टांगलेला पाहिला होता, तेही "आदिनाथ, एक तिकीट ठेव की" म्हणत माझ्यामागे फिरू लागले. मला आनंद किती आणि भीती किती, ते वेगळं करता येत नाही.

तिकिटांचं काम माझ्याकडे आलं ते आमचे अध्यक्ष गुरुसिद्धप्पा यांच्यामुळे. (कापडाचं दुकान आहे, मन मोठं आहे, देह त्याहून मोठा.) ते सर्वांसमोर म्हणाले, "हा बारावीला राहिला खरा, पण ह्याच्याइतकं नीट काम कोण करतंय सांगा." पोलिसांनी परवानगी देताना एकच अट घातली : बसायला जागा जितकी, माणसं तितकीच. एक जरी माणूस रेषेजवळ उभा दिसला, तरी सामना बंद. मी पायऱ्यांना टेप लावला, मध्यम बांध्याचा माणूस धरला, गुरुसिद्धप्पांना दीड धरलं, आणि चारशे हा आकडा काढला. मागणारे तर त्याच्या तिप्पट. आता न्याय कसा करायचा? रांग लावावी, तर दिवसपाळीचे कामगार मुकतात. वर्गणी जास्त देणाऱ्याला द्यावं, तर आमच्या गोलकीपरची आई मुकते. म्हणून मी ठरवलं की चिठ्ठ्या टाकायच्या. एक चिठ्ठी, एक माणूस, वशिला कोणाचाही नाही. मीही चिठ्ठी टाकली आणि ती निघाली नाही. म्हणजे रविवारी मी गेटवर मैदानाकडे पाठ करून उभा असणार आहे.

चिठ्ठ्या काढायला निःपक्षपाती माणूस हवा, म्हणून मैदानाशेजारी भाजी विकणाऱ्या गोजरबाईंना बसवलं. त्यांना फुटबॉलशी देणंघेणं नाही. (बॉल पाटीत पडला की त्या तो वांग्यांखाली लपवतात, एवढाच संबंध.) पण दाजी, फुटबॉलचं नाही तरी माणसांचं त्यांना फार! चिठ्ठ्यांच्या घागरीत त्या हात घालायच्या, मी नाव वाचायचो, आणि त्या म्हणायच्या, "ह्याला नगं. ह्यो मेथी चिवडतो आन् घेत न्हाय." चिठ्ठी परत घागरीत! डोळ्यांवर पट्टी बांधून पाहिली, पण तोंड मोकळंच होतं. शेवटी नाव न वाचता नुसत्या चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि त्या गेल्यावर वाचल्या. त्यात मेथी चिवडणारा निघालाच. गोजरबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. (सध्या माझ्याशी न बोलणारे तुम्ही एकटे नाही, हे यावरून लक्षात यावं.)

इथपर्यंत सगळं चोख होतं. तिकिटं छापायला मी सोमलिंगकडे दिली. त्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे, आणि ऐन लग्नसराईत त्याने मोठ्या मनाने मधेच आमचं काम घेतलं. प्रूफ मी तीनदा तपासलं. ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, अनुस्वार पाहिले, एकही चूक सापडली नाही म्हणून छाती भरून आली आणि मी खाली सही केली. तिकिटं वाटून झाली. परवा सकाळी आमचा चहावाला सिद्धेश्वर भेटला आणि म्हणाला, "आमी नऊ जण येतोय बरं का. वळसंगचे पाव्हणे बी निघालेत. आमच्या पोरीला, अपेक्षाला, बघायला येणारी मंडळी बी तितंच बोलावल्यात, मध्यंतरात पोरगी दाखवून घिऊ." मी हसलो. तो हसला नाही. त्याने खिशातून तिकीट काढून माझ्यापुढे धरलं आणि मी माझ्याच हाताने तपासलेला मजकूर पहिल्यांदा वाचला : "आमच्या येथे श्रीकृपेकरून अंतिम सामना योजिला आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून उभय संघांस शुभाशीर्वाद द्यावेत."

दाजी, प्रूफवर सही माझीच होती. पण तुम्हीच सांगा, आपल्याकडे कोणत्या कार्डावर ही ओळ नसते? नसती, तरच मला काही राहिल्यासारखं वाटलं असतं. मी सोमलिंगकडे धावलो, तर तो शांतपणे म्हणाला, "ती वळ काढली की कार्ड उघडं दिसतंय की. फुकाट घातली तर तुला राग आला व्हय?" (जेवणाची वेळही तो घालणार होता, जागा उरली नाही म्हणून राहिली. देवाची कृपा.) आता चारशे तिकिटं म्हणजे चारशे कुटुंबं. कोणी सुना आणणार, कोणी व्याही, आणि एकाने तर परसातला भाडेकरूही परिवारात धरला आहे.

मग मी घरोघरी जाऊन "कृपया एकट्यानेच यावं" असं सांगायला निघालो. इथे मी आणखी एक घोळ केला. पत्रिका पोचल्यावर यजमान स्वतः घरी आला, की त्याचा अर्थ आपल्यात एकच होतो. पहिल्याच घरी म्हाळसाबाईंनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, "कार्ड दिलंवतं की रं, परत बोलवायला कशाला आलास? बरं, आता पुण्याच्या लेकीला बी बोलावून घेते." माझ्या तोंडात त्यांनीच घातलेला लाडू होता, त्यामुळे मला बोलता आलं नाही. दुसऱ्या घरी तसंच झालं. ज्यांच्याकडून एकच माणूस येणार होता, तिथले सात यायला निघाले. तिसऱ्या घराच्या दारातूनच मी परत फिरलो, तर मागून हाक आली, "अहो, आम्हाला बोलवायचं नाही का?"

गुरुसिद्धप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बोलावलेल्या माणसाला येऊ नको म्हणायची रीत आपल्यात नाही. माणसं कमी करू नकोस, जागा वाढव. आणि तोवर कोणाच्या घरी जाऊ नकोस बाबा." मी पुन्हा पोलिसांकडे गेलो. साहेब भले आहेत, त्यांनाही मॅच बघायची आहे. ते म्हणाले, शनिवारी संध्याकाळपर्यंत बसायची जागा दाखव, मग बघू. जागा दिसली नाही, तर सामना रद्द, कोल्हापूरचा संघ माघारी, आणि आमच्या क्लबचं नाव पुढची पन्नास वर्षं लग्नांतून घेतलं जाणार. तरीही दाजी, काल सरावात आमच्या पोरांनी असा एक गोल मारला की जाळं फाटलं, आणि मी सगळं विसरून एकटाच टाळ्या वाजवत बसलो. काय मॅच होईल हो ही!

असो. अक्काला नमस्कार, मुलांना गोड पापा. गुडघ्याला जपावं. पत्रातला मजकूर अधिक-उणा झाला असल्यास लहान समजून पोटात घालावा.

तुमचा,
आदिनाथ

ता. क. : तुमच्याकडे उसाचं गळीत संपलं असेल. मग तुमच्यासकट सगळ्यांच्या ट्रॉल्या यार्डात रिकाम्याच उभ्या असतील ना? मैदानाच्या पलीकडच्या बाजूला बाभळीच्या सावलीत वीसेक ट्रॉल्या ओळीने लावल्या, तर पायऱ्यांसारखीच बैठक होते. (एका ट्रॉलीत चाळीस माणसं, मध्यम बांध्याची.) यार्डातला एकही ट्रॅक्टरवाला तुमचा शब्द मोडत नाही, असं हा ड्रायव्हर म्हणतो. शुक्रवारी रात्री निघालात, तर शनिवारी सकाळी आरामात पोचाल. साहेबांना मी "जागा येत आहे" असं सांगून बसलो आहे.

आणखी ता. क. : ट्रॉली आणणाऱ्याला चिठ्ठी लागत नाही. हा वशिला नव्हे. मालक स्वतःच्या ट्रॉलीत बसला, तर त्याला तिकीट कोण विचारणार? तुमची ट्रॉली बरोबर मध्यरेषेसमोर लावीन. गादी, लोड आणि हार यांची व्यवस्था गुरुसिद्धप्पांनी दुकानातून केली आहे.

शेवटचं ता. क. : हे लिहू नको असं मला बजावलेलं आहे. अक्काने गुपचूप चिठ्ठी टाकली होती आणि ती निघाली. तिकीट तिच्याकडे आहे. "ह्यांना सांगू नगंस, शेजारी बसून सगळी मॅच मलाच समजावत बसतील," असं ती म्हणाली. पण तिच्याही तिकिटावर सहकुटुंब छापलेलं आहे. तुम्ही तिच्या कुटुंबात येता की नाही, हे तिकीटवाटप करणारा या नात्याने मला ठरवता येत नाही. तिलाच विचारावं. ती नाही म्हणाली, तर मात्र ट्रॉल्या आणल्यावाचून तुम्हाला गत्यंतर नाही.